बादल्या ओळखा, टँकर जिंका

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुरुड, जि. लातूर
३० मार्च २०१६

चि. विरूपाक्ष यास उमाबाई आत्याचे आशीर्वाद. (सवयीनं लिहिले आहेत. सध्या लागू धरू नकोस.)

तुला फोन लावला तर तो बंद. चालू असता तरी मी पत्रच लिहिलं असतं. रेडिओवर नोकरीला लागल्यापासून समोरचं माणूस बोलायला लागलं की मधेच गाणं लावायची खोड तुला लागली आहे. कागदावर ते जमणार नाही. हे पत्र आपल्या एसटीच्या मलप्पा कंडक्टरकडे देते आहे. उत्तर त्याच्याच हाती दे.

आता सरळ सांग. रंगपंचमीच्या दिवशी तू रेडिओवर आंघोळ केलीस?

तुमचा 'रेडिओ गलबला' नांदेडबाहेर ऐकू येत नाही याबद्दल मी आजवर देवाचे आभारच मानत आले. पण शेजारच्या साखराबाईच्या मोबाईलवर तुझी आंघोळ आली आणि दुपारपर्यंत अख्ख्या मुरुडानं ऐकली. पाणी ओतल्याचा आवाज, साबण चोळल्याचा आवाज, मधेच तू म्हणतोस, "आहाहा, नांदेडकर, पाठ राहिली की!" आणि पुन्हा पाणी. वर स्पर्धा काय, तर मी किती बादल्यांत न्हालो ते पाडव्यापर्यंत ओळखा आणि पाण्याचा टँकर जिंका. उत्तरं पाठवायला स्वतःचाच फोन नंबर दिलास, म्हणजे शिव्या द्यायलाही लोकांना लांब जावं लागलं नाही.

अरे, इथं काय चाललं आहे ते तुला ठाऊक नाही का? लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली आहे. चार बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या की पोलीस हटकतात. मुरुडात टँकर येतो तो दिवस आम्हाला दिवाळीचा. मी तोंड धुतलेलं पाणी पायांवर घेते, पायांवरचं अबोलीला घालते. आणि माझा भाचा तासभर टबात बसून पाठ राहिली म्हणतो!

सगळ्यात वाईट म्हणजे ते सिद्धलिंगअप्पांनी ऐकलं. तुझे होणारे सासरे. त्यांच्या शिवलीलेशी तुझं मी किती खटपटीनं जुळवलं ते आठव. बसव जयंतीला साखरपुडा ठरला आहे. अप्पांची डाळीची गिरणी, गावात वजन, आणि सध्या तर ते तालुका कृती समितीचे अध्यक्ष आहेत. उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा आहे ना, तर अप्पांचा हिशेब असा की उदगीर गेलं की लातूर जिल्ह्याला तालुके कमी पडतील, म्हणून मुरुडला तालुका करा. त्यासाठी चौकात साखळी उपोषण सुरू आहे. काल त्या मांडवात 'मुरुड तालुका झालाच पाहिजे' अशी घोषणा झाली की पाठोपाठ 'विरू नांदेडकर मुर्दाबाद' अशी दुसरी होत होती. मी मांडवासमोरून पदर तोंडावर घेऊन आले.

अप्पा मला म्हणाले, "उमाबाई, पोराला पगार कमी हाय, तरी म्या हाव म्हणलं. दिसभर बडबड करून राहिला, तरी हाव म्हणलं. पण पाणी नासणारा जावई न्हाई चालत. लगीन मोडलं समजा."

तुझ्या बापानं, गुंडप्पानं, हिमायतनगरच्या दुकानातला रेडिओ माळ्यावर टाकला आहे. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं तर म्हणतो, "नांदेडला असतो."

खरं काय ते लिही. मला फार लाज वाटते आहे रे.

तुझी आत्या

◆

नांदेड
२ एप्रिल २०१६

ती. आत्यास शरणु.

तुझ्या गळ्याची शपथ, पाण्याचा एक थेंबही सांडला नाही. टबात मी होतो, हे खरं. साबण होता, हेही खरं. पण पाणी नव्हतं. ती आवाजाची करामत होती. कसली ते सांगता येत नाही, कारण आमचे मालक माणिकप्पा म्हणतात, "गुपित फोडायचं न्हाई. शिव्या देणारे बी रेडिओ ऐकूनच देऊन राहिले ना? ऐकू दे त्यांना."

मला वाटलं होतं, लोक हसतील. दुष्काळात माणसाला तेवढीच गंमत, असं मी स्वतःला समजावलं. ते चुकलंच.

परवा स्टुडिओखाली बायका रिकामी मडकी फोडायला आल्या. फोडून झाल्यावर एक मावशी वर येऊन म्हणाल्या, "जाऊ दे लेकरा, झालं ते झालं. आता आंघोळीचं पाणी कुठं टाकलंस ते सांग, चार घागरी भरून नेतो, झाडाला तर घालू." मी म्हटलं, पाणी नाहीच. तेव्हा त्या खऱ्या भडकल्या आणि खाली जाऊन दुसऱ्या मडक्यांची व्यवस्था करू लागल्या.

पोरांनी 'विरूला साबण धाडा' अशी मोहीम काढली आहे. निषेध म्हणून रोज पोत्यानं साबण येतात. पंखा लावला की सगळ्या स्टुडिओला न्हाणीघराची कळा येते.

माझा चेहरा कुणाला माहीत नाही, पण आवाज सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी बाहेर तोंडच उघडत नाही. भाजीवाल्याकडे खुणा करतो. त्यानं मला मुका समजून कोथिंबीर फुकट दिली. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला आहे.

मलप्पाबरोबर तुरीच्या डाळीचं अर्धं पोतं परत पाठवतो आहे. दिवाळीला तू दिलेलं. विष्णुपुरीच्या रस्त्यावरची माझी खोली ती केवढी, त्यात घरमालक म्हणतो की सामान आवर नाहीतर खोली सोड. पोतं एका बाजूला ठेवून दे. इतक्यात त्याचं काही करू नकोस.

अप्पांना एवढंच सांग की मी पाणी नासलं नाही. शिवलीला काय म्हणते? मला तिच्याशीच लग्न करायचं आहे, आत्या. बघायला आलो तेव्हा मी अर्धा तास बोललो आणि ती एकच वाक्य बोलली, "चहा गार झाला." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही.

तुझा,
विरू

ता. क. बाई, पत्र म्या वाचलेलं न्हाई. पण कोथिंबिरीचं खरं हाय, म्या तिथंच हुभा होतो. – मलप्पा कंडक्टर

◆

मुरुड
८ एप्रिल २०१६, पाडवा

चि. विरूस अनेक आशीर्वाद. (लागू धरायला हरकत नाही.)

आधी चांगली बातमी. तुझं नाव गावात थोडं वर आलं आहे आणि ते मी आणलं आहे.

तहसीलदारानं येऊन आश्वासन दिलं आणि परवा समितीचं उपोषण सुटलं. आश्वासन काय, तर 'तुमचं म्हणणं वर कळवतो.' तेवढ्यावर गुलाल उधळला. उपोषण सोडायचं म्हणजे पंगत आली. भात होता, वरणाला डाळ कमी. सध्या डाळीचे भाव ऐकून कुणी हात पुढं करेना. तेव्हा मी म्हटलं, माझ्या भाच्यानं पोतं धाडलं आहे, ते घ्या. तू थांब म्हणाला होतास, पण असा मोका पुन्हा येतो का? लाऊडस्पीकरवर पुकारलं, "चिरंजीव विरूपाक्ष गुंडप्पा यांच्याकडून समितीस डाळ!" ज्या मांडवात तुझा मुर्दाबाद झाला, तिथंच टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेही मी पदरानं टिपून घेतलं, वाया घालवलं नाही.

वरण मीच केलं. धुवायला पाणी कुठं आहे, म्हणून डाळ एकाच पाण्यातून काढली. उकळताना फेस येतो तसा आला, पण हा फेस जरा चिवट होता, पळीनं काढला तरी पुन्हा यायचा. आणि वास इतका सुंदर! अगदी मोगऱ्याचा. मांडवात वाद लागला. कुणी म्हणालं नवीन वाण असेल, कुणी म्हणालं गोदावरीच्या पाण्याचा गुण. सिद्धलिंगअप्पा डाळीतले दर्दी. त्यांनी तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "लई दिसानं असं वरण खाल्लं. पोट आतून धुतल्यावानी वाटून राहिलं."

शिवलीला वाढायला होती. तिनं पातेल्यावर वाकून वास घेतला आणि एकदम हसायलाच लागली. मी म्हटलं, बस, जेवून घे. तर म्हणाली, "माझा उपास हाय." कसला उपास ते काही सांगितलं नाही.

मग मी हळूच अप्पांजवळ विषय काढला की ते पाणी नव्हतंच, आवाजाची करामत होती. ते म्हणाले, "मग काय होतं? पोरानं सगळ्यांम्होरं सांगावं. पटलं तर बसव जयंतीला साखरपुडा, न्हाई तर न्हाई." तेव्हा विरू, आता तुझा तो मालक काही म्हणू दे. खरं सांगून टाक, आणि सगळं सुरळीत होईल.

आत्या

◆

नांदेड
९ एप्रिल २०१६

ती. आत्यास शरणु.

सुटलो! तुझ्या पत्राची वाट बघत होतो, पण मलप्पा दोन दिवस रजेवर होता म्हणे. मग मीच मनाचा हिय्या केला. काल पाडव्याच्या सकाळी स्पर्धा संपताच माणिकप्पा गुढी उभारायला गच्चीवर गेले आणि मी रेडिओवर खरं सांगून टाकलं.

तुलाही सांगतो. ती डाळ होती. तुरीची डाळ!

लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा तुमच्या गिरणीत डाळीच्या ढिगावर लोळायचो, आठवतं? सुपातून डाळ सोडली की तिचा सरसर पाण्यासारखा आवाज येतो. माणिकप्पा खरं पाणी आणायला निघाले होते. मी म्हटलं, पाणी नको, माझ्याकडे याहून चांगलं आहे. मग चड्डीवर टबात बसलो आणि आमचा तंत्रज्ञ सुपानं डोक्यावरून डाळ ओतत राहिला. साबण मात्र खरा लावला, कारण त्याशिवाय अंग चोळल्याचा आवाज येत नाही. मोगऱ्याचा होता. घामानं साबण ओला झाला आणि डाळ अंगाला चिकटून बसली, ती खरवडून काढायला संध्याकाळ झाली.

मला वाटलं, आता लोक खांद्यावर घेतील. आत्या, त्यांनी दुसरी मडकी आणली. डाळ दोनशे रुपये किलो, लोक सणाला वरण करत नाहीत, आणि हा अन्नाला पाय लावून त्यात बसतो! काल पाण्यावरून चिडलेले एका बाजूला, डाळीवरून चिडलेले दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. कालपर्यंत साबण येत होते. आज एकानं फोडणीचं सामान पाठवलं आहे.

तुझ्याकडे धाडलेलं पोतं तेच. त्या वेळी लपवलं, माफ कर. ते उन्हात घाल, नाहीतर सरळ जनावरांना दे. माणसांच्या पोटात मात्र जाऊ देऊ नकोस.

विरू

ता. क. पाकीट बंद करणार तोच मलप्पा तुझं पत्र घेऊन आला. वाचलं. अप्पांनी तीनदा घेतलं?

ता. क. दुसरा. बाई, सायेब खुर्चीवरून खाली बसले ते अजून तिथंच हायत. म्या पानी पाजलं. गाडीची येळ झाली म्हणून निघालो. – मलप्पा

◆

मुरुड
१३ एप्रिल २०१६

विरूपाक्ष,

आशीर्वाद नाहीत.

काल लातुरात पाण्याची रेल्वे आली. सारा जिल्हा ती बघायला गेला, एक मुरुड सोडून. मुरुड पोट धरून बसलं होतं.

मलप्पा पत्र घेऊन आला तो बसमध्येच सगळ्यांना सांगत आला. 'म्या वाचलेलं न्हाई' म्हणतो आणि शब्द न शब्द पाठ! जेवणाला आठवडा होत आला होता, सगळ्यांना पचलंसुद्धा होतं. पण बातमी कळली आणि ओळीनं लोकांच्या पोटात मळमळ सुरू झाली. डॉक्टर म्हणतो, काही झालेलं नाही. साखराबाई म्हणते, मला आतून फेस आल्यासारखं होतंय. गावात आता दोन तट आहेत, ज्यांनी खाल्लं ते आणि ज्यांनी नाही खाल्लं ते. न खाल्लेले रस्त्यात भेटले की नाक वर करून हुंगतात आणि म्हणतात, "वा, मोगरा!"

तू हसशील. मला हसू येत नाही. ते वरण मी माझ्या हातानं शिजवलं, पळीनं प्रत्येकाच्या पानात वाढलं, आग्रह केला. चाळीस वर्षं या गावात माझ्या हातचं लोक निर्धास्त खातात. काल शेजारी ताक घेऊन गेले तर बाईनं यात कोण बसलं होतं असं विचारलं.

सिद्धलिंगअप्पा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, "जावयाचे पाय धुतात, ठाव हाय. सासऱ्याला त्याचं न्हाणं पाजतात हे आजच कळलं. उमाबाई, तुमच्यावर राग न्हाई. पण संबंध मोडला."

आता तूच सांग मी काय करू. खरं तर सांगूही नकोस. तू काही केलंस की दुसरं होतं.

उमाबाई

◆

मुरुड
१६ एप्रिल २०१६

श्री. विरूपाक्ष यांस,

आपण एकदाच भेटलो आहोत आणि तेव्हा तुम्हीच बोललात, म्हणून आता मी लिहिते. उमाआत्या दोन दिवस जेवल्या नाहीत. ते आधी सांगते, कारण तुम्हाला ते कळायला हवं.

दुसरं. तुमची आंघोळ डाळीची आहे हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. मी गिरणीत लहानाची मोठी झाले. पाणी पडतं ते धपकन पडतं, डाळ सुपाच्या काठावर थोडी अडते आणि मग घसरते. अप्पांनाही कळलं असतं, पण ते रागानं ऐकत होते. मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही स्वतः कबूल होता का, ते मला बघायचं होतं. झालात. उशिरा झालात, तरी मालकाला न विचारता झालात, हे मला आवडलं.

पंगतीच्या दिवशी पातेल्याचा वास आला तेव्हा काय घडलं ते माझ्या लक्षात आलं. पण तोवर अप्पा दुसऱ्यांदा वाढून घेत होते. त्यांना त्या वेळी काय सांगणार होते? पाणी नासणाऱ्याशी मी लग्न केलं नसतं. डाळीत बसणाऱ्याशी करावं की नाही, यावर मी हसत हसत पुष्कळ विचार केला आहे.

आता कामाचं. रंगपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी मी तुमच्या नंबरवर उत्तर पाठवलं होतं. फोन चालू करून बघा. उत्तर आहे, शून्य. तुम्ही शून्य बादल्यांत न्हालात. हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असेल असं वाटत नाही. म्हणजे टँकर मी जिंकला.

अप्पा हट्टी आहेत, पण ते व्यापारी आहेत. शब्द दिलेला माल वेळेवर दारात आला की त्यांचा माणसावर विश्वास बसतो. बसव जयंतीपर्यंत माझा टँकर मुरुडात आला पाहिजे. नाही आला तर मी समजेन की तुमच्याकडे नुसता आवाजच आहे.

शिवलीला

◆

नांदेड
२६ एप्रिल २०१६

शिवलीला,

मायना काय लिहावा ते सुचलं नाही म्हणून नुसतं नाव लिहिलं. तेवढंच चार वेळा लिहून खोडलं.

तांदळाच्या डब्यातून फोन काढला. शिव्यांच्या ढिगात शोधत गेलो. कुणी पंधरा बादल्या लिहिल्या होत्या, कुणी शंभर, कुणी माझ्या पूर्वजांविषयी लिहिलं होतं. आणि मधे एकट्या तुझ्याच नंबरवरून 'शून्य'. पुढं पूर्णविराम. तो पूर्णविराम बघून मी पुन्हा खाली बसलो.

माणिकप्पांकडे गेलो. म्हटलं, विजेती सापडली, टँकर द्या. त्यांनी कपाट उघडलं आणि टँकर काढून टेबलावर ठेवला. लाल रंगाचा, प्लास्टिकचा, ओढायला पुढं दोरी. म्हणाले, "टँकर म्हणलो होतो. केवढा ते कुठं म्हणलो?"

माझं डोकंच फिरलं. सकाळच्या कार्यक्रमात मी सांगून टाकलं की मुरुडच्या शिवलीलाताई जिंकल्या (ताई तोंडातून गेलं, क्षमस्व), त्यांना खरा, भरलेला टँकर बसव जयंतीला मिळणार, आणि नाही मिळाला तर मडकी फोडायचा पत्ता आता स्टुडिओचा नाही, मालकांच्या बंगल्याचा. गाणं संपायच्या आत माझी नोकरी गेली.

पण त्याच दिवशी त्या मडकीवाल्या मावशी बंगल्यावर हजर झाल्या. या वेळी फोडायला नाही, नुसती मांडून बसायला. माणिकप्पा टँकरची गाडी द्यायला तयार झाले, डिझेलला नाही म्हणाले. तेव्हा मावशींनीच विचारलं, "त्या साबणाचं काय केलंस?"

साबण हिमायतनगरला नेले. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळे दुकानात ठेवून घेतले. हिशेब चुकता केला, त्यात डिझेलचं भागलं, आणि माळ्यावरचा रेडिओ काढून पुसला. मला काही बोलले नाहीत. पण निघताना एका गिऱ्हाइकानं, "हा कोण?" असं विचारलं तर म्हणाले, "मुलगा. आंघोळीवाला."

टँकर नांदेडचा, पाणी वाटेत अहमदपूरच्या पुढं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बोअरवर भरायचं. मी सोबत येतो आहे. आत्याला सांग, जेव म्हणावं.

विरूपाक्ष

◆

मुरुड
२ मे २०१६

चि. विरूस आशीर्वाद. (अर्धे.)

शिवलीलेनं तुझं पत्र वाचून दाखवलं. 'ताई'वर आम्ही दोघी खूप हसलो आणि मग जेवलो.

अप्पांना टँकरचं कळलं आहे. म्हणतात, "येऊ दे तर खरं. लई आश्वासनं बघितली." तालुक्याचं वर कळवलेलं अजून वरच आहे, म्हणून ते आधीच तापलेले आहेत. तेव्हा नीट ये. साखरपुड्याचा पांढरा शर्ट मलप्पाबरोबर पाठवते आहे, तो घाल. टँकरच्या टपावर बसून गावात शिरू नकोस, तमाशा नको. साबण, अत्तर, पावडर काही लावू नकोस. आंघोळ केली असलीस तरी केल्यासारखा दिसू नकोस. आणि अप्पांसमोर एक वाक्य बोल, दोन बोलू नकोस.

आत्या

◆

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुरुड
१० मे २०१६

रा. रा. माणिकप्पा, मालक, रेडिओ गलबला, नांदेड यांस सिद्धलिंग, डाळ व्यापारी, मुरुड यांचा नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या स्पर्धेचं बक्षीस काल बसव जयंतीच्या दिवशी दुपारी मुरुडात पोचलं. त्याची ही पोच.

माल उतरवून घेताना तपासणं ही आमची रीत आहे. तपासणीत असं आढळलं की आपला टँकर गळका आहे. मागच्या बाजूला खालच्या अंगाला लिंबाएवढं भोक आहे. असा टँकर पाठवल्याबद्दल खरं तर आपल्याशी वेगळं बोलायला पाहिजे, पण काल सणाचा दिवस होता.

त्या भोकात नवा पांढरा शर्ट कोंबलेला होता. शर्टाचा मालक मागच्या शिडीला लटकून, वरून तळहात दाबून उभा होता. अंगात बनियन, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. भोकाखाली त्यानं दोरीनं बादली बांधली होती. बादली भरत आली की शिडी चढायची, वरचं झाकण उघडून पाणी आत ओतायचं, की पुन्हा खाली. अहमदपूरपासून मुरुडापर्यंत हेच चाललं होतं, असं आपल्या ड्रायव्हरनं सांगितलं. रस्ता आपल्याला ठाऊकच आहे.

सगळं गाव घागरी घेऊन उभं होतं. ज्यांनी वरण खाल्लं ते आणि ज्यांनी नाही खाल्लं ते एकाच रांगेत. मुलगा खाली उतरला आणि गप्प उभा राहिला. इतका गप्प, की मला चुकीचा माणूस आला असं वाटलं. त्याच्या आत्याबाई नव्या शर्टाकडे बघून रडत होत्या. मला त्या वरणापासून त्याचा फार राग होता, खोटं कशाला सांगू. म्हणून मी सगळ्यांसमोर त्याला त्याचाच प्रश्न टाकला. म्हटलं, "किती बादल्या?"

तो म्हणाला, "मोजल्या न्हाईत, अप्पा."

मी हाव म्हणालो. साखरपुडा संध्याकाळी उरकला. जेवणात कढी केली होती, वरण मुद्दाम टाळलं.

आपण त्याला नोकरीवर परत बोलावता, असं मलप्पा कंडक्टरकडून कळलं. (तो म्हणतो, आपलं पत्र त्यानं वाचलेलं नाही.) तरी कळवण्यात येतं की टँकर रिकामा करून आपल्या ड्रायव्हरबरोबर परत पाठवला आहे. भोक आपल्या खर्चानं बुजवावं. सोबत आलेला मुलगा मात्र लग्नापर्यंत ठेवून घेतला आहे, तोवर परत मागू नये.

कळावे,
सिद्धलिंग

ता. क. तो लाल, दोरीचा टँकर आपल्याकडे पडून असेल तर पाठवून द्यावा. तोही मुलीनं जिंकलेलाच आहे, आणि पुढंमागं घरात लागेल.